फिजिओथेरपीचा पहिला दिवस

कराडला लागून असलेल्या मलकापुरात, कृष्णा रुग्णालयाच्या आवारात फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे. ऊसतोडीने कंबर धरलेली असो की गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिथे उपचाराच्या पहिल्या दिवशी मशीनच्या शेकापेक्षा विचारपूसच जास्त होते. दुखतं कधी, जिना चढताना की बसून उठताना? मग गोनिओमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पट्ट्या जोडाव्यात तसं साधन, गुडघ्याला लावून तो किती अंशांत वाकतो ते लिहून घेतात. पुढची सुधारणा याच आकड्याशी ताडून पाहतात. सैल कपडे घाला, एक्स-रे आणि औषधांची चिठ्ठी सोबत न्या. ताण जाणवेल, पण तीव्र कळ आली तर सोसत बसू नका, लगेच सांगा. आणि शिकवलेला व्यायाम घरी रोज करा. नुसत्या दवाखान्याच्या फेऱ्यांनी आखडलेला गुडघा मोकळा होत नाही.