न आलेल्यांची यादी



सरकारी दवाखान्यातलं ओपीडी रजिस्टर उघडलं, की आज कोण आलं ते कळतं. कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, ते त्यात सापडत नाही. रक्तदाबाच्या आजारात खरा धोका या न आलेल्यांनाच असतो.

बीपी वाढलं तरी बहुतेकांना दुखत-खुपत काही नाही. गोळ्या सुरू होतात, आकडा खाली येतो आणि माणूस म्हणतो, आता बरं आहे, कशाला रोज गोळी? त्यानंतर काहीजण दवाखान्यात येतात ते थेट अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम हाती घेतला. पाच राज्यांत सुरुवात झाली. आपल्याकडचे पहिले जिल्हे भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. महाराष्ट्रासह काही राज्यांत त्यासाठी ‘सिंपल’ नावाचं मोबाइल ॲप वापरात आलं. रुग्णाच्या कार्डावर क्यूआर कोड असतो. सिस्टर तो स्कॅन करतात, बीपीचा आकडा आणि गोळ्या नोंदवतात, पुढची तारीख देतात. तारीख उलटली आणि माणूस आला नाही, की त्याचं नाव आपोआप थकीत यादीत येतं. तिथूनच फोन लावता येतो, आणि फोननंतर नोंदही करायची असते: येतो म्हणाले, पुन्हा फोन करायचा, की नाव यादीतून काढायचं. काढायचं तर कारण द्यावं लागतं, गाव सोडलं की खासगी डॉक्टरकडे गेले की वारले. रजिस्टरची पानं उलटून हे सगळं काढायचं, तर सिस्टरांची अख्खी दुपार त्यात जाईल.

पण यादी तयार झाली म्हणजे माणूस आला असं होत नाही. फोन कोण करणार? लसीकरण, बाळंतपणं, पोर्टलवरच्या नोंदी हे सगळं ज्या सिस्टर करतात, त्यांच्याच माथी हेही काम मारायचं आणि वेळ द्यायचा नाही, हा अन्याय आहे. आणि कोकणात फोन लागतो तो पुष्कळदा मुंबईतल्या मुलाला. आई गावी, नंबर मुलाचा. मुलगा म्हणतो, “सांगतो आईला.” तो निरोप पोचला की नाही, हे शेवटी आशाताईंनाच दारात जाऊन बघावं लागतं. भातलावणीचे दिवस असतील, तर दारही बंदच असतं.

न आलेल्यांना शोधण्याची ही कल्पना नवी नाही. वेल्समधल्या ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी दवाखान्यांत संगणक येण्याच्या कितीतरी आधी गावातल्या लोकांचं बीपी मोजून ठेवलं होतं आणि जे येत नाहीत त्यांचा पाठपुरावा केला होता. ज्यांना गरज जास्त, त्यांच्याच वाट्याला चांगली सेवा कमी येते, हे त्यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. मला त्यांची आठवण होते ती ॲपच्या बाबतीतच. ज्याच्याकडे फोन आहे त्याला आठवण करून दिली जाईल. ज्याच्याकडे नाही तो यादीत तसाच पडून राहील, आणि बहुधा तोच सर्वांत गरीब असेल. म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की ज्यांना फोन लागला नाही त्यांची नावं दर आठवड्याला आशाताईंच्या हातात पडली पाहिजेत आणि त्या गृहभेटीचा मोबदला त्यांना वेगळा मिळाला पाहिजे.

आणखी एक. बोलावून घेतलेल्या माणसाला “गोळ्या संपल्यात, पुढच्या सोमवारी या” असं सांगितलं, तर तो पुन्हा येणार नाही. त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते. फोन लावण्याआधी औषधांचं कपाट बघा.

इथे बसलेल्यांपैकी जे पंचायतीत, जिल्हा परिषदेत आहेत, त्यांनी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन एवढंच विचारावं: या महिन्यात कोण आलं नाही, आणि त्यांच्याकडे कोण गेलं? बाकीच्यांनी आईवडिलांच्या कार्डावर आपला चालू नंबर घालावा, आणि आरोग्य केंद्रातून फोन आला तर तो उचलावा.