उजनीच्या काठची हिरवळ



भीमा नदीवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याचे पाणी पार आपल्या इंदापूर तालुक्यात, भिगवणपर्यंत पसरते. या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात.

गेल्या पौषात मी बारामतीहून एस.टी.ने भिगवणला गेलो. पुढे कुंभारगावला एका होडीत बसलो. लोक तेथे रोहित पक्षी बघायला जातात. मी म्हणालो, मला काठची झाडे बघायची आहेत. नावाडी हसला.

काठाला पाणकणीस दाट वाढले होते. त्याच्या लांब पानांच्या चटया विणतात. पुढे चिखलातून पाण्यावर पसरलेला एक वेल दिसला. फुले फिकट जांभळी, नरसाळ्यासारखी. ही नाळीची भाजी. तिचा देठ पोकळ असतो, म्हणून ती पाण्यावर तरंगते. जरा पुढे तशीच फुले पुन्हा दिसली. मी कोवळा शेंडा खुडायला हात लांबवला, तोच नावाडी ओरडला, "गुरुजी, हात काढा! ती बेशरम हाय!"

एवढी वर्षे शाळेत शिकवले, आणि फुलावरून फसलो! दोन्ही एकाच कुळातल्या, म्हणून फुले सारखी. पण नाळी सरपटते. बेशरम उभी वाढते, पुरुषभर उंच होते, आणि तिचे खोड बुंध्याशी लाकडासारखे असते. ती विषारी आहे. शेळी एरवी तिला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात चारा संपला की मात्र खाते, आणि मग तिला चटक लागते. शेळी झोकांड्या खाते, खंगते, शेवटी मरते. आपल्याकडे कुंपणाला बेशरम लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग नाळी तरी खुडली का? नाही. शेजारीच जलपर्णी माजली होती. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत उतरते आणि येथवर येते. त्यावर जलपर्णी पोसते. नाळीसुद्धा पाण्यातली घाण अंगात घेते. ती स्वच्छ पाण्यातलीच आणावी, धुऊन आणि शिजवून खावी.

दुपारी वारा सुटला. मला आणखी पुढे जायचे होते. पण नावाड्याने होडी वळवली. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी होडी याच जलाशयात वादळात उलटली होती. सहा जण बुडाले. मी मुकाट्याने बसलो.

काठाला लागल्यावर मी वहीत दोन्ही नावे लिहिली, शेजारी पाने काढली. नावाडी वाकून बघत म्हणाला, "बेशरमचं पान आनखी मोठं काढा, गुरुजी."