आकाशकंदील, बोनस आणि पुस्तक



वैशाखाच्या उन्हात दिवाळीच्या गोष्टी सांगायला हा गृहस्थ का उभा राहिला, असे तुमच्या मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. दिवाळीच्या दिवसांत आम्हांला बोलायला सवड नसते. तेव्हा आम्ही बोनसच्या वाटाघाटीत असतो, किंवा कुठल्या तरी फाटकाबाहेर बसलेलो असतो. आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही, हेही आधीच सांगून टाकतो. जे थोडेफार झाले, ते एका आकाशकंदिलापासून सुरू झाले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमचे वडील त्यांतलेच एक, साचेखात्यातले. त्या वर्षी दिवाळी आली तेव्हा घरात पगार नव्हता, मग बोनस कुठला? आईने फराळाचे नावच काढले नाही. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. चाळीच्या गॅलरीत आमच्याच दाराशी अंधार राहणार, ही गोष्ट काही केल्या मनाला पटेना. बांबूच्या कामट्या शेजाऱ्यांकडून मिळाल्या, पिठाची खळ आईने शिजवून दिली. पण पतंगी कागदाला पैसे नव्हते. तेव्हा वडिलांनी रद्दीतून एक जुना दिवाळी अंक काढला आणि त्याची पाने डकवून कंदील उभा केला.

छापील पानातून उजेड तो किती येणार? पण अक्षरे मात्र उमटून दिसत होती. आम्ही खाली उभे राहून त्यावरची एक गोष्ट वाचत होतो, आणि ऐन रंगात आल्यावर ती कामटीपाशी तुटली. शेवटचे पान खळीखाली उलटे चिकटले होते! तो शेवट शोधायला आम्ही पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढलो. तो अंक काही मिळाला नाही, पण वाचनालय मिळाले.

दिवाळी आणि वाचन यांची ही सांगड महाराष्ट्राला नवी नाही. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सणाच्या ताटात चकली-करंजीबरोबर वाचायलाही काही वाढावे, हा प्रघात पडला. पण अंक विकत घ्यायला पैसा हवा आणि वाचायला सुटी हवी. या दोन्ही गोष्टी कुणी आम्हांला ओवाळणीत घातलेल्या नाहीत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा कुठे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. बोनसची कथा तर याहून कडू. १९२३ सालचा बोनस मालकांनी नाकारला, म्हणून १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. बोनसवर कामगारांचा हक्क नाही, असा निर्वाळा चौकशी समितीने दिला आणि मार्चमध्ये माणसे रिकाम्या हातांनी कामावर गेली. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडावे लागले. किमान बोनस आज ८.३३ टक्के आहे. हा आकडा आला कुठून? शंभराला बारांनी भागून पाहा: बारा महिन्यांमागे एक महिना. कायद्याचे पुस्तक पुढे बदलले, आकडा तोच राहिला.

आता आमचीच एक चूक सांगतो. तरुणपणी आम्ही फार कडक होतो. एका सोबत्याने बोनसच्या पैशातून मोठा कंदील, रांगोळीचे रंग आणि दोन पुस्तके आणली, तेव्हा आम्ही त्याला चारचौघांत सुनावले, “लढ्याच्या निधीला चार रुपये देताना हात आखडतो, आणि कागदाला पैसे उधळतोस!” तो काही बोलला नाही, पण पुढच्या सभेला आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. आपण लढतो ते कशासाठी, हे त्याला कळले होते. आम्हांला कळले नव्हते. दारात उजेड असावा, पोरांनी किल्ला करावा, आणि दुपारी भिंतीला टेकून चार पाने वाचावीत, एवढ्यासाठीच तर लढा असतो.

गेल्या दिवाळीत आम्ही दोन पुस्तके पुन्हा वाचली. एक अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ सालची ‘फकिरा’, दुसरे नारायण सुर्व्यांचे १९६६ सालचे ‘माझे विद्यापीठ’. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. सुर्व्यांना लहानाचे मोठे केले ते एका गिरणी कामगाराने. कामगाराला पुस्तक कशाला हवे, असे विचारणाऱ्याला आम्ही ही दोन नावे सांगतो. पुस्तक वाचणारे तर आमच्यात आहेतच, लिहिणारेही आमच्यातूनच आले.

वाचता वाचता दारावर थाप पडली. कंत्राटावर झाडलोट करणारी एक बाई बोनसचे विचारायला आली होती. वर्षभर काम केलेले, आणि कंत्राटदार म्हणतो, तुम्ही आमच्या यादीतच नाही. वर्षात तीस दिवस काम केले आणि पगार ठरल्या मर्यादेत असला, की बोनसचा हक्क लागू होतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आमच्या दारातला कंदील पाहून ती म्हणाली, “दादा, पोरगी रोज विचारते, आपला कधी लावायचा?”

तिची तक्रार आम्ही लिहून घेतली. ते भांडण अजून चालू आहे.

तुम्ही येथे जमलेली मंडळी वाचणारी आहात, म्हणून एक विनंती. येत्या दिवाळीत कंदील टांगाल, अंक उघडाल, तेव्हा तुमचा जिना झाडणाऱ्या, तुमच्या कचेरीच्या दाराशी पहारा करणाऱ्या माणसाला एवढेच विचारा, “बोनस मिळाला का?” नाही म्हणाला, तर त्याला संघटनेची वाट दाखवा. तेवढ्याने भांडण मिटणार नाही. पण तो एकटा उरणार नाही.