रात्रीं किनाऱ्यावरून मुशीची शिकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लॉरिडा हें संस्थान तीन बाजूंनीं समुद्रानें वेढलेलें आहे. दिवसां तेथील पुळणीवर स्नानार्थी लोकांची गर्दी असते. परंतु सूर्यास्तानंतर छत्र्या मिटतात, मुलें घरीं जातात आणि त्याच वाळूवर एका वेगळ्याच व्यवसायास आरंभ होतो. एक वाटाड्या, त्याचा मदतनीस आणि पैसे देऊन आलेले दोनचार हौशी लोक काठ्या, दोऱ्या व एक लहानशी होडी घेऊन पाण्याच्या कडेशीं येतात. त्यांना हवी असते ती कोंकणांत मुशी किंवा मोरी या नांवानें ओळखली जाणारी शार्क. कोंकणचा कोळी मुशी धरतो ती बाजारासाठीं. येथें मात्र धरलेली बहुतेक मुशी पुन्हां समुद्रांत सोडावयाची असते.

या कामासाठीं रात्रच कां, असा प्रश्न साहजिक आहे. मुशीच्या अनेक जाती सांज झाल्यापासून उजाडेपर्यंत अधिक हिंडत्या असतात व बोयीसारख्या माशांच्या मागें उथळ पाण्यांत शिरतात. अंधाराची त्यांना अडचण नाहीं. घ्राणेंद्रिय तर तीक्ष्ण आहेच. शिवाय नाकाडावरील सूक्ष्म छिद्रांत चिकट द्रव भरलेला असून त्याच्या योगानें इतर प्राण्यांच्या स्नायूंतून निघणारी अत्यंत मंद वीजही त्यांना जाणवते. दुसरें कारण माणसांचें आहे. रात्रीं पाण्यांत पोहणारे नसतात, आणि जेथें मुशी गळाला लागावयाची तेथें पोहणारा नसलेलाच बरा.

वाटाड्याचें कौशल्य गळ टाकण्यापूर्वींच दिसूं लागतें. वाळूचा दांडा कोठें आहे, दोन दांड्यांमधील खोल चर कोणता, भरती केव्हां लागेल, हें तो दिवसांच पाहून ठेवतो. पाकट, बोय किंवा कुप्याच्या जातीचा मासा गळाला लावून मदतनीस तो लहान होडींतून लाटांपलीकडे नेऊन सोडतो. इतकें जड आमिष हातानें तेवढें दूर फेकतां येत नाहीं. वजनाला तारेचे आंकडे असतात, ते वाळूंत रुतून बसतात. गळाशेजारची दोरी पोलादी तारेची असते. साधी दोरी मुशीच्या दांतांपुढें टिकत नाहीं. काठी वाळूंत रोवलेल्या नळींत उभी करतात आणि मग वाट पाहणें सुरू होतें. कधीं तासच्या तास कांहींच घडत नाहीं. कधीं एकाएकीं चक्रीचा खटका कर्कश वाजूं लागतो आणि दोरी सरसर काळोखांत निघून जाते.

पाहुण्याच्या कमरेस पट्टा बांधून काठी त्याच्या हातीं दिली जाते. येथून पुढचा प्रत्येक क्षण दोघांचा असतो, एक वाळूवरच्याचा आणि एक पाण्यांतल्याचा. माणसाचे दंड भरून येतात. मुशीचें रक्त श्रमानें आम्लयुक्त होत जातें. या खेळांतील खरा पेंच हाच आहे. मुशी सोडली म्हणजे वांचली, असें पुष्कळांस वाटतें; तसें नेहमींच घडत नाहीं. तिचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि आंतल्या अवयवांना आधार देणारा फांसळ्यांचा भक्कम पिंजरा तिला नसतो. पाण्यांत तिचें ओझें पाणीच तोलून धरतें. वाळूवर तेंच ओझें तिच्या अवयवांवर पडतें. कल्ले तर पाण्यावांचून निरुपयोगी.

सर्व जातींची सोसण्याची शक्तीही सारखी नाहीं. पट्टेदार वाघमुशी बरीच चिवट आहे. उलट हातोड्यासारख्या डोक्याची मोठी कानमुशी दोरीवर इतकी झुंजते कीं सोडल्यावर पोहत निघून गेली तरी पुढें मरण्याचा संभव असतो. ती साधारण दोन वर्षांनीं एकदां वितें. जगांतील तिची संख्या इतकी घटली आहे कीं 2019 मध्यें आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत केली.

पूर्वीं या शिकारीचें यश वजनकांट्यावर मोजलें जाई. 1964 च्या जूनमध्यें दक्षिण कॅरोलिनांतील चेरी ग्रोव्ह येथील धक्क्यावरून वॉल्टर मॅक्सवेल यानें 1,780 पौंड वजनाची वाघमुशी काढली आणि त्याचें नांव गाजलें. आतां फ्लॉरिडांत तीच जात धरून ठेवण्यास मनाई आहे.

1 जुलै 2019 पासून तेथील मत्स्य व वन्यजीव आयोगाचे नवे नियम अमलांत आले. 16 वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या प्रत्येकानें किनाऱ्यावरून मुशी धरण्यापूर्वीं एक अभ्यासक्रम पुरा करून परवाना घ्यावा. त्यास मूल्य नाहीं. मुशींना आकर्षिण्यासाठीं पुळणीवरून पाण्यांत चारा टाकूं नये. ठराविक जातींची मुशी लागल्यास तिचे कल्ले पाण्याखालींच ठेवून तिला विलंब न लावतां सोडावें. गळ आंत वळलेल्या टोंकाचा असावा, म्हणजे तो पोटांत न जातां बहुधा जबड्याच्या कोंपऱ्यांत अडकतो. तो न गंजणाऱ्या पोलादाचा नसावा, म्हणजे राहिलाच तर गंजून गळून पडतो. गळ किंवा तार तोडण्याचें हत्यारही जवळ असलेंच पाहिजे.

वाटाड्याची खरी परीक्षा याच वेळीं होते. पाहुण्यानें पैसे मोजलेले असतात आणि त्याला वाळूवर मुशीशेजारीं बसून छायाचित्र हवें असतें. चांगला वाटाड्या हें बोलणें आधींच, काठी हातीं देण्यापूर्वीं, संपवून टाकतो. जाड दोरी वापरून तो झुंज लांबूं देत नाहीं. गुडघाभर पाण्यांत उभा राहून शेपटीकडून मुशी धरतो, गळ काढतो किंवा तार तोडतो, आणि छायाचित्र मिळालें तर त्या अवधींतच मिळतें. त्याच्या कपाळावरचा दिवाही बहुधा तांबडा असतो; कारण उन्हाळ्यांत त्याच पुळणीवर समुद्री कांसवी अंडीं घालण्यास येतात व पांढऱ्या उजेडानें भांबावतात.

या हौशी लोकांकडून शास्त्रालाही कांहीं लाभ झाला आहे. 1962 मध्यें जॅक केसी या अमेरिकन शास्त्रज्ञानें शंभराहूनही कमी हौशी माणसें जमवून मुशींना खुणेच्या कुप्या लावण्याचा उपक्रम सुरू केला. कुपींत अनेक भाषांत मजकूर असे, म्हणजे ती मुशी परक्या कोळ्यास सांपडली तरी वार्ता परत यावी. पुढें लाखोंनीं मुशींना अशा खुणा लागल्या आणि त्यांचे प्रवास व वाढ यांविषयींचें ज्ञान वाढलें.

तरीही किनाऱ्यावरील गांवांत या शिकारीविषयीं वाद आहे. मुशी पोहणाऱ्यांजवळ येतात, अशी कित्येकांची तक्रार असते. मौजेखातर जीव कां शिणवावा, असाही कित्येकांचा प्रश्न असतो. दुसऱ्या प्रश्नास कोणताही परवाना पुरें उत्तर देऊं शकत नाहीं. वाटाड्यानें चार मिनिटांचें काम दोन मिनिटांत केलें, तर मुशी वांचण्याचा संभव तेवढा वाढतो. आणि कानमुशी फिरत असलेल्या रात्रीं गळ गुंडाळून तो घरीं परतला, तर तो आणखी वाढतो. ज्या वाटाड्यास असें परततां येतें, त्याच्याबरोबर गेलेला पाहुणा रिकाम्या हातानें आला तरी समुद्राविषयीं कांहीं शिकूनच येतो.