बटणावरची चकाकी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची समजूत अशी होती की, आम्ही संपावर बोलू, किंवा फार तर बोनसवर. आम्हांस बटणांवर बोलावयाचे आहे असे आम्ही कळविले, तेव्हा चिटणीसांनी फोनवर विचारले, "शर्टाच्या?" नव्हे; संगणकाच्या पडद्यावरच्या. वेबपृष्ठावर 'मुख्य पान', 'संपर्क', 'तक्रार नोंदवा' अशी जी फुगीर, काचेसारखी चकाकणारी बटणे एका काळी सर्वत्र दिसत, त्या बटणांवर. ती कशी बनत, कोण बनवी, आणि बनविणाऱ्यांचे पुढे काय झाले, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. पडद्यावर बटण नसतेच. तेथे काच असते आणि काचेखाली बारीक रंगीत ठिपके असतात. ठिपक्यांची मांडणी अशी केलेली असते की डोळ्याला वाटावे, येथे काहीतरी वर उचलले गेले आहे आणि ते दाबता येईल. बटण हा डोळ्याचा समज आहे. तो समज उत्पन्न करणे हे काम आहे, आणि जेथे काम आहे तेथे कामकरी आहेच. म्हणून विषय आमच्या कक्षेतला आहे, असे आम्ही चिटणीसांना पटवून दिले.

हा समज चालतो तो प्रकाशाच्या सवयीवर. सूर्य वर असतो, दिवा वर असतो. म्हणून वरची कड उजळ आणि खालची काळोखी दिसली की डोळा म्हणतो, हा उंचवटा आहे. तेच चित्र उलटे धरा, उंचवट्याचा खड्डा होतो. 1995 साली आलेल्या 'विंडोज 95' मधली करडी बटणे एवढ्याच युक्तीवर उभी होती. वरच्या व डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या व उजव्या कडेला काळी. दाबले की रेघांची अदलाबदल. चार रेघांत काम भागत असे.

पुढे जानेवारी 2000 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे 'अॅपल' कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनी 'अॅक्वा' नावाचे नवे पडद्याचे रूप लोकांपुढे मांडले. त्यातली बटणे करडी नव्हती. ती निळ्या सरबताच्या गोळीसारखी, आत उजेड खेळत असलेली होती. 2001 च्या मार्चमध्ये ती प्रत्यक्ष लोकांच्या यंत्रांवर आली, आणि मग जगातील प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या वेबपृष्ठावर तसलीच बटणे हवीशी झाली. पिठाच्या गिरणीवाल्यालाही हवी, पतपेढीलाही हवी.

आता ती करावयाची कशी? आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारच्या वर्गाला आम्ही हे कित्येक वर्षे शिकविले, आणि प्रत्येक वेळी आरंभ अळवाच्या पानापासून केला. सकाळी अळवाच्या पानावरचा पाण्याचा थेंब नीट पाहा. वरच्या अंगाला एक लहान, कडक, पांढरा ठिपका दिसेल. ते आकाशाचे प्रतिबिंब. परंतु थेंबाचा सर्वांत उजळ भाग खाली असतो, कारण वरून शिरलेला उजेड थेंबातून वाकून खालच्या बाजूला गोळा होतो. घन वस्तू खाली काळी पडते. पारदर्शक वस्तू खाली उजळते. ज्याने हे पाहिले त्याला निम्मे बटण आले. ज्याने पाहिले नाही, तो पांढरा पट्टा वर ओढतो, खालीही काळेच ठेवतो, आणि त्याचे बटण काचेचे न दिसता तेल लावलेल्या लाकडाचे दिसते. अशी बटणे आम्ही हजारो पाहिली आहेत. काही आमच्याच हातची होती.

हत्यार म्हणून बहुतेकांपाशी 'फोटोशॉप' असे. थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम 1990 साली बाजारात आला. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थर आले, म्हणजे एकावर एक पारदर्शक कागद ठेवून चित्र काढण्याची सोय झाली. 1998 च्या पाचव्या आवृत्तीत थराला सावली आणि उठाव आपोआप देता येऊ लागले. या थरांवाचून चकाकीचे बटण करणे म्हणजे स्टोव्हशिवाय चहा.

कृती अशी. समजा, 120 ठिपके रुंद व 30 ठिपके उंच बटण करावयाचे आहे. पंधरा ठिपक्यांच्या त्रिज्येचा गोल कोपऱ्यांचा आयत काढावा. उंचीच्या निम्मी त्रिज्या दिली की टोके पूर्ण अर्धवर्तुळ होतात आणि गोळीचा आकार मिळतो. त्यात वरून खाली रंगाची चढती छटा भरावी : वर गडद निळा, खाली फिकट. (वर गडद! येथेच नवशिका अडतो.) मग आतल्या कडेने हलकी काळसर सावली द्यावी, तिने कड वळल्यासारखी दिसते. त्यानंतर नवा थर घ्यावा. बटणाचाच आकार निवडून तो दोन ठिपके आत घ्यावा, आणि फक्त वरच्या निम्म्या भागात पांढऱ्यापासून काहीच नाही येथवर विरत जाणारी छटा सोडावी. हीच ती चकाकी. ती शंभर टक्के पांढरी ठेवू नये. थराची दाटी कमी करीत जावे आणि डोळा "पुरे" म्हणेल तेथे थांबावे. शेवटी बटणाखाली एक-दोन ठिपक्यांची मऊ सावली. अक्षरे चकाकीच्या खाली ठेवावीत की वर, यावर आमच्या वर्गात दोन तट होते. खाली ठेवली तर अक्षरे काचेत बुडाल्यासारखी छान दिसतात, पण वाचता येत नाहीत. आम्ही वरच्या तटात होतो.

एवढ्याने भागत नसे. बटणाला तीन अवस्था : स्वस्थ, माऊस वर आलेला, आणि दाबलेला. आठ बटणांच्या तीन-तीन अवस्था म्हणजे चोवीस चित्रे. प्रत्येक दोन किलोबाइटचे धरले तर अठ्ठेचाळीस किलोबाइट. त्या काळच्या छप्पन्न केच्या मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच किलोबाइट उतरत. म्हणजे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाने दहा-बारा सेकंद आमच्या चकाकीसाठी थांबावयाचे. मजकूर अद्याप आलेलाच नाही. पुढे सर्व अवस्था एकाच लांबट चित्रात भरून, तेच चित्र मागे सरकविण्याची युक्ती निघाली आणि पुष्कळ हेलपाटे वाचले.

चित्र साठविण्याच्या प्रकारांचा जाच निराळाच. 1987 पासूनच्या 'जीआयएफ' प्रकारात रंग फक्त 256, आणि ठिपका एक तर पूर्ण दिसणार किंवा अजिबात नाही. मऊ सावलीला तेथे जागा नाही. त्यामुळे गोल कोपऱ्यांभोवती पांढरी झालर दिसे. 1996 साली आलेल्या 'पीएनजी'मध्ये ठिपक्याच्या पारदर्शकपणाला 256 पायऱ्या होत्या. परंतु 2001 चा 'इंटरनेट एक्सप्लोरर 6' त्या पायऱ्या ओळखत नसे आणि सावलीच्या जागी करडा डाग टाकी. हा दोष 2006 च्या सातव्या आवृत्तीत गेला. मधली पाच वर्षे जगभरची पोरे एका डागाशी झुंजत होती.

आणि मराठीचे काय? येथे आमचा जुना धंदा आडवा येतो. आम्ही वयाच्या सोळाव्या वर्षी छापखान्यात खिळे जुळवावयास लागलो. शाळा सुटली ती सुटलीच; अक्षरओळख झाली ती उलट्या खिळ्यांवरून. काना-मात्रा बोटांना ठाऊक झालेल्या. छापखाना बंद पडला तेव्हा आमच्यातले काही डीटीपीवर गेले आणि तेथून काही वेबच्या कामावर. त्यांना पहिला धडा मिळाला तो असा की, वाचणाऱ्याच्या यंत्रात मराठी अक्षरवळण असेलच असा भरवसा नाही. जे होते त्यात दर कंपनीची सांकेतिक मांडणी निराळी. एकाने टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर कचरा दिसे. म्हणून मराठी शब्द चित्रातच घालावा लागे. इंग्रजी पृष्ठावर चित्राचे बटण ही हौस होती. मराठी पृष्ठावर ती गरज होती. युनिकोड आल्यावरही फोटोशॉप पुष्कळ वर्षे देवनागरीची जोडाक्षरे फोडून टाकी आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला ठेवी. आम्ही वर्गात 'गिंप' नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरू लागलो तो प्रथम पैशांच्या अभावी. मागाहून ध्यानात आले की त्यात जोडाक्षरे नीट बसतात.

आता आमच्या चुकीविषयी. 2005 च्या सुमारास आम्ही युनियनचे वेबपृष्ठ केले. आठही बटणे आम्ही स्वतः तीन रात्री जागून केली, लाल रंगाची. आणि आम्हांला त्यांचा अभिमान होता. महिन्याभराने आमचे एक सभासद कचेरीत आले. ते एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते आणि दृष्टिहीन होते. त्यांची बदली दूरच्या शाखेत झाली होती आणि हरकत घेण्याची मुदत दोन दिवसांवर होती. दोन बसगाड्या बदलून ते आले होते. आम्ही म्हणालो, "अहो, पृष्ठावर तक्रारीची सोय केली आहे, एवढा त्रास कशाला घेतलात?" त्यांनी आम्हांला आमच्याच संगणकापाशी बसविले आणि बरोबर आणलेल्या सीडीवरून पडदा वाचून दाखविणारा प्रोग्रॅम सुरू केला. आमची आठ बटणे त्यातून अशी ऐकू आली : "ग्राफिक, बीटीएन एक. ग्राफिक, बीटीएन दोन. ग्राफिक, बीटीएन तीन." तक्रारीचे बटण सातवे होते. ते म्हणाले, "कॉम्रेड, तुमची बटणे देखणी असतील. मला ती भिंत आहे."

चित्राला शब्दांत नाव देण्याची सोय वेबच्या लेखनपद्धतीत 1995 च्या अगोदरपासून होती. एका बटणाला एक शब्द लिहावयाचा, दोन मिनिटांचे काम. आम्ही तीन रात्री चकाकीला दिल्या आणि ती दोन मिनिटे दिली नाहीत. त्यांच्या प्रोग्रॅमला मराठी वाचता येत नव्हते, तेव्हा त्याच दुपारी आम्ही मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले, ते शेजारी बसून ऐकत गेले, आणि 'तक्रार'चा उच्चार त्यांना पटेपर्यंत आम्ही चार वेळा स्पेलिंग बदलले. हरकतीचा अर्ज मात्र हाताने लिहून त्याच दिवशी टपालात टाकला. त्यांची बदली काही रद्द झाली नाही.

चकाकीचा काळ थोडका ठरला. 2007 च्या आयफोनवर तर चिन्हांवरची चकाकी यंत्र स्वतःच चढवी. नको असेल तर तसे सांगावे लागे. 2011-12 पर्यंत बहुतेक ब्राउझरांना गोल कोपरा, सावली आणि चढती छटा चार ओळींच्या सूचनेत काढता येऊ लागली. चित्राची गरज संपली. 2012 चे 'विंडोज 8' आणि 2013 चे 'आयओएस 7' यांनी चकाकीच पुसून टाकली आणि बटण सपाट झाले. आमच्या ओळखीची, दर पृष्ठामागे पैसे घेऊन बटणे करणारी मुले त्या दोन-तीन वर्षांत कामावाचून बसली. कोणी काढून टाकले नाही, कारण कोणी नेमलेलेच नव्हते. नुकसानभरपाई मागावयाची तर मालक कोण, हेच दाखविता येईना. खिळे गेले तेव्हा निदान छापखान्याच्या फाटकापाशी उभे राहता येत होते. आम्ही चौदा जणांची नावे एका वहीत लिहिली, आणि पुढे काय करावे ते आम्हांला सुचले नाही. त्यांतले दोघे नवी चार ओळींची भाषा शिकून टिकले. दोघेही असे होते की ज्यांनी अळवाचे पान खरोखर पाहिले होते. बाकीच्यांनी कृती पाठ केली होती. पण यावरून उरलेल्या बाराजणांना दोष देणे आम्हांला जमत नाही. सहा ते आठ तासांत पंधरा पृष्ठे काढणाऱ्याला पान पाहण्याची फुरसत कोण देतो?

2025 च्या जूनमध्ये 'अॅपल'ने 'लिक्विड ग्लास' या नावाने काचेसारखी चकाकी पुन्हा आणली आहे. आता ती यंत्रच क्षणोक्षणी गणित करून काढते. मागचा रंग हलला की काचेतला उजेड हलतो. परवा त्या वहीतल्या एकाने आम्हांला आपल्या फोनवर ती दाखविली. तो हल्ली रिक्षा चालवितो. त्याने पडदा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "दादा, खालचा उजेड बरोबर धरलाय."

आमच्या पृष्ठावरचे तक्रारीचे बटण हल्ली साधे आहे : लाल चौकट, पांढरी युनिकोड अक्षरे. आणि ते सातवे नाही, पहिले आहे.