हवेतली जागा



वायरलेस माइकच्या निवडीवर बोलायला उभी राहिलेली अध्यक्ष तारेच्या माइकवर बोलते आहे, याचं पुढच्या रांगेत थोडं हसू झालं, ते मी पाहिलं. संयोजकांनी कॉर्डलेस तयार ठेवला होता. पण मला या पोडियमवरून हलायचं नाही आणि ज्याला हलायचं नाही त्याच्या हातात ट्रान्समीटर देण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. निवड इथूनच सुरू होते. निवेदक, तबला, हार्मोनिअम, एका जागी बसून गाणारा गायक, यांना तार पुरते. तिथे वाचलेले पैसे ज्याला खरोखर फिरायचं आहे त्याच्यावर खर्च करा. चार साधारण संचांपेक्षा दोन चांगले संच आणि दोन तारा, हा हिशेब मी नेहमी मांडत आले आहे.

आपल्या ध्वनिसंयोजकांकडे सुपारी येते ती आकड्यात. ‘ताई, चार कॉर्डलेस, दोन कॉलर.’ कुठल्या हॉलमध्ये, शेजारी काय चालू आहे, मागे एलईडी वॉल आहे का, हे सांगायची पद्धतच नाही. गिऱ्हाइकाला माइक दिसतो, म्हणून तो माइक मोजतो. आपणही विकत घेताना कॅप्सूल कुठली, ग्रिल कशी, हातात वजन किती लागतं हेच बघतो. खरं तर वायरलेस संच घेताना आपण हवेतली जागा घेत असतो. आवाज कॅप्सूल पकडते, पण कार्यक्रम तगतो तो फ्रिक्वेन्सीवर.

शुअर कंपनीनं 1953 मध्ये ‘व्हॅगाबॉन्ड’ नावाचा बिनतारी माइक बाजारात आणला, तेव्हा त्यात छोटे व्हॉल्व्ह होते आणि हवा बरीचशी मोकळी होती. आज तसं नाही. आपले बहुतेक चांगले संच 470 मेगाहर्ट्झच्या वरच्या यूएचएफ पट्ट्यात चालतात. हा पट्टा मुळात टीव्हीचा आणि त्याचा वरचा भाग मोबाइलवाल्यांकडे गेला आहे. अमेरिकेत 2010 मध्ये 700 मेगाहर्ट्झचा पट्टा माइकना बंद झाला आणि 2020 मध्ये 600च्या पट्ट्याचा मोठा भागही गेला. आपल्याकडे 2022च्या स्पेक्ट्रम लिलावात जिओनं 700चा पट्टा घेतला. 600चा पट्टाही त्या लिलावात मांडला होता, तेव्हा त्याला बोली आली नाही. पण जे एकदा दुकानात मांडलं ते कधीतरी विकलं जाणार, हे धरून चाला.

म्हणून कुणी 700च्या पट्ट्यातला जुना, नावाजलेल्या कंपनीचा संच निम्म्या किमतीत दाखवला, तर मोह आवरा. या पट्ट्यात 703 ते 748 मेगाहर्ट्झ ही फोननं बोलायची बाजू आहे. म्हणजे तुमचा शत्रू दूरच्या टॉवरवर नाही, तो तिसऱ्या रांगेतल्या काकांच्या खिशात आहे. आज खरेदी करायची तर 600च्या खाली बघा. दूरदर्शननं बहुतेक ठिकाणचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण थांबवल्यामुळे तिथे बरीच जागा मोकळी झाली आहे. विक्रेत्याकडे संचाचा पट्टा लिहिलेलं पक्कं बिल आणि दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची कागदपत्रं मागा. त्यानं टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच समजा.

2.4 गिगाहर्ट्झचे संच परवानामुक्त, स्वस्त आणि दिसायला गोंडस असतात. शाळेच्या वर्गात, छोट्या बैठकीत खुशाल वापरा. पण वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात राहतात. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की सगळं झकास चालतं. संध्याकाळी हजार माणसं हजार फोन घेऊन आली की माइक तुटायला लागतो. त्यात माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. ते या लहरी गिळतं. रिकाम्या हॉलमधली चाचणी कुठल्याच संचाबद्दल पुरतं खरं सांगत नाही आणि 2.4च्या संचाबद्दल तर नाहीच नाही.

आता जरा गणित. आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं की फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून सारख्या अंतरावर लावल्या की काम झालं. ॲनालॉग संचात हीच गफलत होते. 600.0 आणि 600.4वर दोन ट्रान्समीटर जवळजवळ आले की ते आपसांत मिसळून 599.6 आणि 600.8वर भुतं उभी करतात. तुमचा तिसरा माइक सारख्या अंतराच्या हिशेबानं नेमका 600.8वर असतो. दोन-तीन माइकपर्यंत निभावून जातं. आठ माइक झाले की अशी तिसऱ्या पायरीची 224 मिश्रणं होतात. ती माणसानं डोक्यात धरायची गोष्ट नाही. बरेच उत्पादक यासाठी सॉफ्टवेअर फुकट देतात आणि संचात ग्रुप-चॅनेल आखून दिलेले असतात. सगळे माइक एकाच ग्रुपमधले ठेवा, एवढं केलं तरी पुष्कळ. ट्रान्समीटरची शक्ती वाढवून हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळतो. मंचावर 10 मिलिवॅट बहुधा पुरतात. 50वर टाकले की भुतं त्याहून जास्त दांडगी होतात.

डिजिटल संच घ्यावा का, हा प्रश्न मला जेवणाच्या पंगतीतही विचारला जातो. परवडत असेल तर घ्यावा, आणि कारण आपल्या संगीतातच आहे. ॲनालॉग संच आवाज पाठवताना दाबतो आणि रिसीव्हरमध्ये पुन्हा उलगडतो. बोलण्याला ते चालून जातं. पण वारकरी कीर्तनात मागे टाळ सुरू झाले, किंवा लावणीत घुंगरांचा झणका आला, की हे दाबणं-उलगडणं कानाला कळतं. आवाजाच्या शेपटीशी श्वास घेतल्यासारखी हिस्स येते. डिजिटलमध्ये ते नाही. काही डिजिटल संचांत फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावरही लावता येतात. डिजिटलमध्ये आवाज यायला उशीर होतो म्हणून गायक कुरकुरतात. चांगल्या संचात तो दोन-तीन मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम मीटरभर जातो. मॉनिटर एक पाऊल मागे सरकवला तर कुठल्या गायकानं तक्रार केली आहे? मात्र वाटेत डिजिटल मिक्सर, प्रोसेसर, वायरलेस इन-इअर असं सगळं साखळीत आलं तर बेरीज करून बघा. डिजिटलचा खरा दोष वेगळा आहे: तो आधी सूचना देत नाही. ॲनालॉग रेंजबाहेर जाताना खरखरतो, सावध करतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि गप्प होतो.

अँटेनाकडे आपण सावत्रपणे बघतो. रिसीव्हरला दोन अँटेना असतात, त्या शोभेच्या नव्हेत. भिंतीवरून परतलेली लहर आणि थेट आलेली लहर एकमेकींना मारतात, तेव्हा एका अँटेनाला ऐकू येत नाही ते दुसरीला येतं. 600 मेगाहर्ट्झला लहरीची लांबी अर्धा मीटर. म्हणून अँटेना एकमेकींपासून निदान तेवढ्या अंतरावर, माणसांच्या डोक्यावर आणि मंच दिसेल अशा ठेवा. रॅकच्या मागे, एलईडी वॉलला चिकटून ठेवल्या तर महागडा संचही बहिरा होतो, कारण ती वॉल स्वतःच हवेत कचरा ओतत असते. आणि लांब केबल ओढायची तर बारीक आरजी-58 नको. तीस मीटरला ती दहा-बारा डेसिबल खाते. म्हणजे आलेल्या सिग्नलचा दहावा हिस्साही धड हाती लागत नाही.

नाटकवाल्यांसाठी दोन शब्द जास्त. दौऱ्यावरचं नाटक आज दादरला, उद्या ठाण्याला, परवा कोल्हापूरला असतं. काल चाललेली फ्रिक्वेन्सी आज चालेलच असं नाही. म्हणून रुंद पट्ट्यात फिरणारा, स्वतः स्कॅन करणारा संच घ्या आणि प्रत्येक नाट्यगृहात पोचल्यावर आधी स्कॅन, मग चहा. नटाच्या कमरेचा पॅक कातडीला थेट लागू देऊ नका. घाम मारतो तो पॅकलाही आणि लहरीलाही. छोटा माइक छातीवर न लावता केसांच्या रेषेत, कपाळाशी लावला की नटानं मान वळवली तरी आवाज पडत नाही. हे आपल्या रंगभूषाकारांना छान जमतं, फक्त त्यांना आधी विचारलं पाहिजे. हातातल्या माइकचं दुखणं वेगळं. बऱ्याच माइकची अँटेना खालच्या टोकाला असते आणि आपले नेते व निवेदक नेमकं तेच टोक मुठीत धरतात. ते शिकवायला वेळ लागेल.

सेलबद्दल मी बोलणार नाही. दुसऱ्या अंकाआधी नवे सेल न घालणारा माणूस या सभागृहात नसावा.

एक काम मात्र आपण कुणी एकट्यानं करू शकत नाही. गणपतीत एकाच पेठेत चार मंडळांचे कार्यक्रम, चार साउंडवाले, आणि कुणाचा माइक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसतं. मग एका मंडळाची आरती दुसऱ्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात शिरते. माझी सूचना अशी आहे की प्रत्येक तालुक्यात सणांच्या आधी आपल्यापैकी एकाकडे वही असावी. आपापल्या फ्रिक्वेन्सी त्याला आठवडाभर आधी कळवाव्यात, टक्कर दिसली तर धाकट्या कार्यक्रमानं जागा बदलावी, आणि त्यासाठी कुणी कुणाकडून एक रुपया घेऊ नये. नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रतिनिधींनी या ठरावाचे सूचक आणि अनुमोदक व्हायचं मान्य केलं आहे. तो जेवणानंतरच्या सत्रात मतदानाला येईल. विरोध असेल त्यांनीही थांबावं.