श्रावणातल्या रात्री दोनची वीज



मला दिलेला विषय जगाएवढा आहे. कोळसा सोडून जग स्वच्छ विजेकडे निघालंय, त्यात अणुऊर्जेचं काम काय? विषय जगाएवढा आणि मिनिटं दहा. तेव्हा अणू म्हणजे काय, तो फुटतो कसा, हे मी सांगत बसणार नाही. शाळेच्या पुस्तकात ते आहे, तुम्ही ते शिकलाय, विसरला असाल तर घरातल्या पोरांना विचारा. मी जव्हार-मोखाड्याचा माणूस. इथून दिसतं तेवढंच बोलणार, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलणार. वीज किती तयार झाली याचे आकडे आपल्याला रोज ऐकवतात. ती मिळते कधी, हे कुणी सांगत नाही. भर श्रावणात, रात्री दोन वाजता, खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावर दिवा लागतो का? माझा सगळा हिशेब या रात्री दोनपासून सुरू होतो.

आपला पालघर जिल्हा विजेच्या बाबतीत मोठा भाग्यवान, निदान कागदावर. डहाणूला १९९५ पासून कोळशावरचं ५०० मेगावॉटचं केंद्र आहे. सूर्या नदीवर धामणीला छोटं जलविद्युत केंद्र आहे. आणि किनाऱ्यावर तारापूर. देशातली पहिली अणुवीज तिथे झाली. १९६४ च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला केंद्र रीतसर चालू झालं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. जुन्या दोन १६०-१६० च्या धरल्या तर सगळी मिळून १,४०० मेगावॉट. जव्हारपासून हे केंद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. कावळा सकाळी निघाला तर न्याहारीला तिथे पोचेल.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडची हल्लीची हुशार मुलं मला विचारतात, "गुरुजी, शाळेच्या छपरावर सौर पॅनल आहे, आश्रमशाळेत सौर बंब आहे, शेताला सौर पंप मिळतो. ऊन फुकट आहे. मग त्या धोक्याच्या भट्ट्या कशाला?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर तुमच्या घराच्या कोपऱ्यात उभं आहे. कणगी! बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली कणगी. दिवाळीच्या सुमारास भात आणि नागली झोडून आपण ती भरतो. आणि रानात काय असतं? शेवळं, टाकळा, कंटोली. रानभाजी ताजी, फुकट, औषधी. कुणाची मिंधेगिरी नाही. पण नुसत्या रानभाजीवर वर्ष निघतं का? तिचा हंगाम असतो. हंगाम सरला की रान रिकामं, आणि मग घर तरतं ते कणगीवर.

सौर वीज ही रानभाजी, आणि अणूची वीज ही कणगी. कुणी हुशार श्रोता म्हणेल, रानभाजी पावसात उगवते आणि सूर्य पावसात दडतो, म्हणजे उपमा उलटी बसली. बसू दे उलटी. मुद्दा हंगामाचा आहे. जव्हारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात झड लागली की आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही. त्या आठ दिवसांत छपरावरचं पॅनल काय करतं, ते तुम्ही पाहिलंय. चांगल्या उन्हाच्या प्रदेशातसुद्धा सौर पॅनल आपल्या ताकदीच्या साधारण पाचवा हिस्सा वीज वर्षभरात देतं, कारण रात्र असते, ढग असतात. अणुभट्टीला रात्र ठाऊक नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रातली पहिली भट्टी २०१८ च्या डिसेंबर अखेरीस थांबवली, तेव्हा ती सलग ९६२ दिवस चालली होती. तो त्या वेळी जगातला विक्रम होता. ९६२ दिवस म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. त्यात तीन पूर्ण पावसाळे आले, आणि प्रत्येक रात्रीचे दोन वाजले.

मग कोळसा काय आहे? तोही रात्री दोनला चालतोच की. चालतो. पण तो सावकाराकडून वाढीदिढीनं उचललेला दाणा आहे. आज पोट भरतं, फेडायचं नातवंडांनी. वीजघर बांधण्यापासून मोडण्यापर्यंतचा धूर धरला, तर कोळशाची एक युनिट वीज सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. अणूची १२ ग्रॅम. पवनचक्कीचीही तेवढीच. हे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे २०१४ चे आकडे आहेत. आणि ही दिढी आपण भरू लागलोच आहोत. भात कापायला आलं की अवकाळी येतो, नागलीची रोपं लावायच्या वेळी पाऊस पंधरा दिवस गायब होतो. मोखाड्याच्या शेतकऱ्याला हवामान बदल समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून जग पुन्हा कणगीकडे बघायला लागलंय. आज जगात चारशेहून जास्त भट्ट्या चालू आहेत आणि जगाच्या विजेतला साधारण नऊ टक्के वाटा त्यांचा आहे. फ्रान्स देश तर दोन तृतीयांश वीज अणूवर करतो. २०२३ च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून जास्त देशांनी ठरवलं की २०५० पर्यंत जगातली अणुवीज तिप्पट करायची. आपल्या देशात अणूचा वाटा अजून तीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉटचं लक्ष्य २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. आकडा मोठा आहे. मी आपला परत विचारतो, त्यातली रात्री दोनला किती?

पण कणगीचं एक आहे. श्रावणात भूक लागली म्हणून श्रावणात कणगी विणता येत नाही. तयारी आधीपासून लागते. १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीनं आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. दुसऱ्याच दिवशी, १६ एप्रिलला, फिनलंडमध्ये ओल्किलुओटोची तिसरी भट्टी नियमित वीज देऊ लागली. एकानं कणगी मोडली आणि दुसऱ्यानं भरली, असं वाटतं. पण फिनलंडची ती भट्टी बांधायला २००५ मध्ये घेतली होती. अठरा वर्षं! त्याच जातीच्या सहा भट्ट्या आपल्या रत्नागिरीत जैतापूरला यायच्या आहेत. त्यांचा फ्रान्सशी करार झाला २०१० मध्ये, आणि भट्टीची पहिली वीट अजून बसायची आहे. आपल्या शेजारी गुजरातेत काकरापारची तिसरी, ७०० मेगावॉटची स्वदेशी भट्टी २०१० ला बांधायला घेतली आणि ती २०२३ ला पूर्ण कामाला लागली. आणि तारापूर? पहिल्या दोन भट्ट्या पाच वर्षांत, पुढच्या दोन सहा वर्षांत. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात हे वेळेत करून दाखवलेलं आहे. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आता भीतीबद्दल. भीती वाटणाऱ्याला हसू नका. मी मुलांना नेहमी दटावतो, हसणारा अडाणी असतो. ११ मार्च २०११ ला जपानात फुकुशिमाला काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तिथल्या भट्ट्या आणि तारापूरच्या जुन्या दोन, या एकाच कुळातल्या, उकळत्या पाण्याच्या. पण तिथे झालं काय, ते नीट ऐका. भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या. भट्टी बंद झाली तरी आतली उष्णता विझत नाही, पंपानं पाणी खेळवत राहावं लागतं. पंपाला वीज लागते. बाहेरची वीज भूकंपानं गेली आणि सुनामीच्या लाटेनं डिझेलची जनित्रं बुडवली. म्हणजे घात केला तो गेलेल्या विजेनं. बघा, मी फिरून तिथेच आलो. अखंड वीज अणुभट्टीलासुद्धा लागते!

आपल्याकडे डहाणू-तलासरीला धुंदलवाडीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत आलेत, हेही विसरायचं नाही. कणगीला उंदीर लागला का, बुड ओलं झालं का, हे घरातली म्हातारी रोज हात लावून बघते. तसंच बघावं लागतं, आणि बघितलं ते गावाला सांगावं लागतं. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्या २०२० पासून मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या, ते योग्यच झालं. पन्नास वर्षांची कणगी लिंपायला नको? राहिला प्रश्न कचऱ्याचा. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करून उरलेला जहाल भाग काचेत गोठवून ठेवायचा कारखाना तारापूरलाच आहे. तो भाग हजारो वर्षं जपावा लागणार. पण तो आकारानं थोडा असतो आणि कुठे ठेवला ते माहीत असतं. डहाणूच्या धुराड्यातून गेलेला वायू कुठे ठेवलाय, ते कोण सांगणार?

आणि ज्यांच्या अंगणात कणगी उभी राहिली त्यांचं काय? तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. माणसं समुद्रापासून दूर गेली. मासेमाराला समुद्रापासून दूर घर देणं म्हणजे काय, ते आपल्याला कळायला हवं, कारण वैतरणेच्या धरणांत आपलीही जमीन गेली आहे. मोखाड्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे. पाणी मुंबईला जातं, आणि एप्रिल-मे मध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर येतो. विजेचं असं होऊ नये. या विषयावर खरं तर वेगळं भाषण हवं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत. तीन मिनिटं उरलीत म्हणे.

तेव्हा भराभर सांगतो. बॅटरी आहे ना, असं विचारणारे असतील. आहे, स्वस्तही होतेय, आणि घ्यायलाच हवी. पण ती संध्याकाळ काढते, फार तर एक रात्र. आठ दिवसांची झड काढणारी बॅटरी अख्ख्या राज्याला पुरवणं आज कुणाला परवडत नाही. आपल्याजवळ घाटघरला पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारं २५० मेगावॉटचं केंद्र आहे, तो चांगला मार्ग आहे, तसे आणखी... असो, वेळ नाही. सांगायचं इतकंच की रानभाजी हवीच. ती सोडून द्या असं मी म्हणत नाही. छपरावर पॅनल बसवा, सौर पंप घ्या. फक्त त्या जोरावर कणगी मोडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी आधी सांगायला हवं होतं. कणगी भरलेली आहे, पण ताटात वाढायला कुणी नाही, असं झालं तर? तारापूरची वीज पश्चिमेकडच्या मोठ्या जाळ्यात जाते. तिथून ती कुठल्या शहरात गेली, कुठल्या कारखान्यात गेली, हे वेगळं काढता येत नाही. पण घाटातल्या रस्त्यावर सागाचं झाड तारेवर पडलं, की पाड्याचा दिवा जातो आणि तो लवकर येत नाही. मग तारापूर चालू असो की बंद. आरोग्य केंद्रातल्या लशींचा फ्रीज, कुटीर रुग्णालयात कमी वजनाच्या बाळाला ठेवायची उबेची पेटी, यांना वीज रात्री दोनलाच लागते. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणानं लेकरं गेली, तेव्हापासून या भागात बाळांसाठी किती योजना आल्या. त्या पेटीला वीज नसेल, तर एक लाख मेगावॉटचं लक्ष्य आपण कशाशी खायचं? भट्टी हवी, आणि तिच्यापासून पाड्यापर्यंतची तारही तितकीच पक्की हवी. स्वच्छ ऊर्जेच्या जागतिक परिषदांत या शेवटच्या तारेची चर्चा फार कमी होते. ती आपल्याला करावी लागेल.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो. जव्हार-मोखाड्याच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांनी एक वही घालावी. आपल्या पाड्याची वीज कोणत्या तारखेला गेली, किती वाजता गेली, किती वाजता आली, तेवढंच लिहायचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. शिक्षकांनी त्यावर सही करावी आणि ती वही ग्रामसभेत मांडावी. आपल्याकडे पेसा कायदा आहे, ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. कुणी पुढारी येऊन सांगेल की इतके मेगावॉट सौर झाले, तितके मेगावॉट अणू होणार, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. मग ती वही उघडा आणि विचारा, साहेब, श्रावणात रात्री दोनला किती? याचं उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याचीच योजना खरी.